म्हातारीचं मीटर

सोमवार, ४

आज म्हातारी सुरू झाली नाही. म्हातारी म्हणजे आमची गाडी. आजोबांनी घेतलेली, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. रंग एकेकाळी क्रीम होता म्हणे. आता न घासलेल्या दातांसारखा आहे.

सकाळी बाबा टाय लावून, ओल्या केसांचा भांग पाडून आत बसले. चावी फिरवली तर नुसतं टक. परत टक. आई खिडकीतून म्हणाली, "आजच्या दिवस बसनं जा."

"बसनं?" बाबा असे म्हणाले की जणू आईनं गटारातून पोहत जायला सांगितलं.

मग मी आणि खालच्या मजल्यावरचे पानामास्तर, दोघांनी धक्का मारला. पानामास्तर म्हणजे रिटायर झालेले मेकॅनिक. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून दोन वर्षं ते सांगतात आणि मी करते. धक्का त्यांनी कमी मारला, माझ्या खांद्यावर खोकले जास्त. त्यांच्या खिशात एक फडकं असतं. त्यात खोकतात, त्यानंच प्लग पुसतात आणि त्यानंच चष्मा. शी.

गाडी कोपऱ्यावर जाऊन सुरू झाली आणि मागे सगळा काळा धूर माझ्या तोंडावर.

संध्याकाळी जेवताना आईनं सांगून टाकलं. मामाच्या ओळखीचा भंगारवाला १७ तारखेच्या रविवारी येणार. "त्या दिवशी सकाळी मला बसवून धरणापर्यंत नेऊन आणा. वाटेत एकदाही बंद नाही पडली तर राहू दे. पडली तर तिथूनच उचलून नेऊ दे त्याला."

"अगं, गाडी गेली तर मी ऑफिसला जाऊ कसा?" बाबांचा आवाज एकदम चिरका झाला.

"सगळी दुनिया जाते तसे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू करशील ना गं नीट?"

शाळा सोडल्यापासून बाबांनी माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलेलं नाही. मी मान हलवली. मला आधीच पटकन बोलता येत नाही, त्यात तोंडात घास.

पानामास्तर म्हणाले, रोजचा रोज बिघाड लिहून ठेव. म्हणून हे लिहितेय. गणिताच्या वहीची मागची पानं कोरीच आहेत. नववी अर्धवट सोडल्याचा एवढाच फायदा.

गाडीचं मीटर लिहून ठेवते: ८७४१२.


मंगळवार, ५

बॅटरी काढली. टर्मिनलवर हिरवं-पांढरं फुललं होतं, बुरशी आलेल्या ब्रेडसारखं. सोडा आणि गरम पाणी टाकलं की त्याला फेस येतो आणि वास येतो. मी तोंडाला ओढणी बांधून घासलं. डिस्टिल्ड वॉटर भरलं. रात्रभर चार्जिंगला लावली आहे.

पानामास्तरांना विचारलं, बॅटरी अशी एकदम उतरते कशी? ते म्हणाले, "कुठेतरी करंट खातोय कोणीतरी. शोध." टेस्टिंगचा बल्ब लावून सगळ्या वायरी तपासल्या. एकही वायर करंट खात नाही. मग खातं कोण?


गुरुवार, ७

बाबांचा शर्ट आईनं बादलीतून वर काढून माझ्यासमोर धरला. "हुंग."

"नको."

"अगं हुंग तर."

सडकं, उंदराचं काहीतरी. मी मागे सरकले. आई म्हणाली, "पाठ बघ. घामानं मीठ उतरलंय. आणि कॉलर बघ, कोरी. यांच्या ऑफिसात पंखे नाहीत का गं?" मग माझ्याकडे बघत राहिली, जणू उत्तर मला माहीत आहे. मला काय माहीत. मी ऑफिस पाहिलेलंही नाही. बाबा तिथं स्टोअरचे हेड आहेत, एवढंच माहिती आहे.

मी म्हटलं, "सीटमुळे. रेक्झिन आहे."

आईनं शर्ट परत बादलीत आपटला. "ती गाडी गेलेलीच बरी," म्हणाली.


शुक्रवार, ८

आज एक भलतंच लक्षात आलं.

गाडीच्या कप्प्यात एक जाड वही असते. आजोबांनी गाडी घेतली त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यात लिहायचं: तारीख, किती चाललो, आणि एक शेरा. आजोबांचे शेरे भारी आहेत. "डावीकडून कुरकुर." "सौ. रुसली, गाडी नाही." आजोबा गेल्यावर बाबांनी हा नेम मोडला नाही. शेरा मात्र ते लिहीत नाहीत. नुसतं २८, २८, २८. ऑफिस चौदा किलोमीटर, जाऊन-येऊन अठ्ठावीस.

आज मी मीटर पाहिलं: ८७४२४. म्हणजे चार दिवसांत बारा किलोमीटर. वहीत चार दिवसांचे एकशेबारा. बरोबर शंभर किलोमीटर गायब!

म्हणजे मीटरची तार सटकतेय. झालं, आणखी एक काम. जेवताना मी सांगायला गेले, "बाबा, मीटर...", तर बाबांच्या हातातला चमचा ताटात पडला. "काय मीटर?"

"बिघडलंय. कमी दाखवतं."

"हां," बाबा म्हणाले. "हां, बिघडलंय ते. राहू दे. मीटर काही महत्त्वाचं नाही." आणि एकदम माझ्या ताटात स्वतःचं अंडं ठेवलं. उष्टं. मी ते खाल्लं नाही.


शनिवार, ९

आजचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

वास कुठून येतो ते शोधायला पुढच्या दोन्ही सीट काढल्या. ड्रायव्हरच्या सीटखाली काय काय निघालं: बिस्किटांचे रॅपर, केळ्यांच्या वाळून काळ्या पडलेल्या साली, अंड्यांची टरफलं, दात कोरायच्या काड्या, आणि एक अर्धी भरलेली बाटली. आत पिवळं. मला वाटलं जुनं ब्रेक ऑइल कोणीतरी काढून ठेवलंय. पानामास्तरांनी शिकवलंय की ऑइल नेहमी हुंगून बघायचं, जळकं आहे का. मी झाकण उघडलं आणि नाक लावलं.

ब्रेक ऑइल नव्हतं.

मी नळाखाली पंधरा मिनिटं नाक धुतलं. पानामास्तर हसून हसून क्रेटवरून पडायला आले, मग खोकले. बाटलीकडे बघत म्हणाले, "कधीची आहे?"

"मला काय विचारता!"

बाबांना पायरीवर बोलावून बाटली दाखवली. त्यांचे कान लाल झाले. "ट्रॅफिक गं. दोन-दोन तास अडकतो माणूस." आणि बाटली शर्टाखाली लपवून, आईला दिसणार नाही अशी, मागच्या दारानं घेऊन गेले. माणसानं घरून करून निघावं. एवढी साधी गोष्ट. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे ऐका. एवढं खाणं सांडल्यावर उंदीर येणारच. हवा फेकणारा ब्लोअर खोलला तर आत घरटं. सीटचा फोम, पेपरचे कपटे, बिस्किटाचा चंदेरी कागद, सगळं मऊ मऊ कातरून केलेलं. आणि त्यात पिल्लं. मेलेली. केस नसलेली, वाळक्या जर्दाळूसारखी. मी चिमट्यानं एकेक काढून पिशवीत टाकलं. पाच.

"नीट मोज," पानामास्तर म्हणाले. "बहुतेक सहा असतात."

"पाचच आहेत." परत हात घालायची माझी हिंमत नव्हती. मी झाकण लावून टाकलं.

ऑइल पुसायला सीटखालचेच पेपर घेतले. नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान, त्यावर पेनानं गोल केलेले. "अनुभवी स्टोअरकीपर पाहिजे, वय चाळीसच्या आत." चाळीसला दोनदा गोल, पेन कागदातून आरपार गेलेलं. बाबांच्या हाताखाली कोणीतरी माणूस घ्यायचा असेल. ऑइल मात्र छान शोषलं.


रविवार, १०

मीटरची तार काढली. काळं, घट्ट झालेलं ग्रीस, त्यात केस अडकलेला. कोणाचा देव जाणे. रॉकेलमध्ये धुतली, नवीन ग्रीस लावलं, बसवली. आता बघू कशी लपवते किलोमीटर.

दुपारी मामा आला होता. मला बॉनेटखाली बघून म्हणाला, "काय मेकॅनिकबाई, शाळा बुडवून गॅरेज?" दोन वर्षं झाली तरी तोच विनोद. मी वर बघितलं नाही. मामा बाबांना म्हणाला, "काढून टाका हो हे डबडं. ऑफिसात लोक हसत असतील."

बाबा म्हणाले, "ऑफिसात कोण बघतंय." आणि आत निघून गेले.

मामाचं मला काही वाटत नाही. बाबांचं वाटतं. दोन वर्षांपूर्वी वर्गात मला उभं करून धडा वाचायला लावायचे आणि माझ्या तोंडून पहिलं अक्षरच निघायचं नाही. मग मागच्या बाकावरून ते अक्षर म्हणायला सुरुवात व्हायची, सगळी एका सुरात. मी शाळेत जायचं बंद केलं. पण घरी सांगितलं नाही. रोज युनिफॉर्म घालायचा, डबा घ्यायचा, आणि शाळेमागच्या पाण्याच्या टाकीच्या गल्लीत जाऊन बसायचं. तिथं कोणी येत नाही. सव्वीस दिवस. बाबांनीच मला शोधलं. हाताला धरून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. मी म्हटलं मला बरं नव्हतं, तर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "खोटं बोलते ही."

तेव्हापासून घरात कपबशी फुटली तरी बाबा आधी माझ्याकडे बघतात.


मंगळवार, १२

तार नवीन केल्यासारखी आहे तरी काल तीन, आज तीन. वहीत अठ्ठावीस, अठ्ठावीस.

पानामास्तर म्हणाले, आमच्या मीटरला तारेच्या हजार फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. संध्याकाळी बाबा आल्यावर मी तारेचं खालचं टोक सोडवलं आणि बोटांनी फिरवायला बसले. एक, दोन, तीन. चारशेपर्यंत बोटाची कातडी सोलली. सहाशेला शेजारच्या कार्ट्यानं मुद्दाम मोठ्यानं दुसरेच आकडे म्हणायला सुरुवात केली. मी त्याच्यावर ग्रीसचा हात उगारला, तेव्हा पळाला. हजाराला शेवटचं चाक टक करून एक घर पुढे गेलं. बरोबर एक.

खालचे दाते पण पाहिले. एकही झिजलेला नाही.

"मग?" पानामास्तर म्हणाले.

"मग मीटर बरोबर आहे," मी म्हटलं. "पण वहीत..."

त्यांनी चष्मा त्या घाणेरड्या फडक्यानं पुसला, बराच वेळ. "मीटर तार फिरवते, पोरी. वही माणूस लिहितो."

"म्हणजे?"

"प्लग दाखव."

प्लग काढले. चारही काळेकुट्ट, काजळी हाताला येते. मागच्याच महिन्यात मी ते घासले होते. पानामास्तर म्हणाले, "गाडी पळाली की प्लग विटकरी राहतात. असे कधी होतात? उभ्या उभ्या तासन्‌तास चालू ठेवली की."

"ट्रॅफिक आहे खूप," मी म्हटलं. "बाबा सांगत होते."

ते फडक्यात खोकले आणि आत गेले. म्हातारी माणसं अर्धवट बोलून निघून जातात, त्याचा मला संताप येतो.


गुरुवार, १४

रोज संध्याकाळी गाडीच्या टपावर पक्ष्यांची घाण असते. साधी पांढरी नाही, जांभळी. रंग आत मुरतो, नखानं खरवडावी लागते, आणि त्यात बारीक बिया असतात. आज खरवडता खरवडता एक अख्खं फळ सापडलं, काचेच्या रबरात अडकून चेंगरलेलं. तुती.

बाबांच्या ऑफिसात गाड्या पत्र्याखाली लावतात. त्यांनीच सांगितलंय. आणि या भागात तुतीचं झाड मला एकच माहिती आहे.

माझ्या युनिफॉर्मवर पण असेच डाग पडायचे.

असं काही नसेल. तुतीची झाडं काय एकच असतात का.


शुक्रवार, १५

गेले होते.

शाळेच्या समोरून जायला लागू नये म्हणून नाल्याच्या बाजूनं गेले. तिथला वास सांगत नाही. टाकीच्या भिंतीआडून पाहिलं.

म्हातारी झाडाखाली उभी. इंजिन चालू, रेडिओ बारीक आवाजात. टाय आरशाला लटकवलेला. बाबांनी सीट मागे पाडली होती आणि पाय डॅशबोर्डवर, मोज्यांसकट. एका मोज्यातून अंगठा बाहेर. पावणेअकरा वाजले होते आणि ते डबा खात होते. आईनं एक वाजता खायला दिलेला डबा. घास घ्यायचे, घड्याळ बघायचे, परत घास. अंड्याचं टरफल सीटखाली टाकलं. मग बाटली उचलली. मी तोंड फिरवलं.

परत पाहिलं तर आरशात बघून भांग पाडत होते. तिथं कुत्रंसुद्धा नव्हतं आणि ते ओल्या बोटांनी नीट, सरळ भांग पाडत होते.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. करंट कोण खातं ते कळलं. प्लग का काळे ते कळलं. उंदीर, घाम, तीन किलोमीटर, सगळं. मी दहा दिवस ज्याला बिघाड म्हणत होते त्यातला एकही गाडीचा नव्हता. आणि मला नवीन ग्रीस लावायला लावलं! बोटं सोलून हजार फेऱ्या मारल्या मी, आणि हे म्हणतात, "हां, बिघडलंय ते."

मला त्यांची किळस आली. खरंच आली, बापाची येऊ नये तशी. दोन वर्षं मी खोटारडी. दोन वर्षं.

आणि सगळ्यात घाण वाटलं ते हे, की ती जागा त्यांना मीच दाखवलेली. मला शोधत आले नसते तर त्यांना ती कधी सापडलीच नसती.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कुठे गेली होतीस? पाय बघ." मी म्हटलं, "ग्रीस आणायला." पटकन. पहिलं अक्षर अडकलंसुद्धा नाही.


शनिवार, १६

कार्ब्युरेटर उघडला. तळाशी तपकिरी गाळ, शेंबडासारखा. बाबा टॉर्च धरायला आले. मी नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

"तुझे हात अगदी आजोबांसारखे चालतात," म्हणाले.

मी गाळ पुसत राहिले.

"उद्या चढावर त्रास नाही ना देणार?"

"तुम्हाला माहीत असेल," मी म्हटलं. "रोज चालवता."

टॉर्चचा उजेड हलला. मग स्थिर झाला.

ते गेल्यावर मी एक गोष्ट केली. पेट्रोल किती सुटावं त्याचा एक बारीक स्क्रू असतो, तो मी दीड फेरा पिळला. गाडी नुसती उभी असताना कळणार नाही. पण धरणाच्या चढावर म्हातारी धापा टाकेल आणि बंद पडेल. भंगारवाला येईल आणि घेऊन जाईल. मग बसा कुठे बसायचं ते. मला काही बोलावं लागणार नाही. बोलायचं नाही, हे मला फार छान जमतं.


रविवार, १७

सकाळी लवकर उठून स्क्रू परत जागेवर आणला. पुण्य वगैरे काही नाही. गाडी बंद पडली असती तर पानामास्तरांनी बॉनेट उघडून एका नजरेत ओळखलं असतं की हे घाण काम कोणी केलं. घाण मी खूप काढली आहे. घाण काम केलेलं नाही अजून.

नऊला निघालो. बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी मागे. आईनं नाकाला रुमाल लावला होता. मीटर पाहून ठेवलं: ८७४४०. पानामास्तर पायरीवर उभे राहून हात हलवत होते, आणि हातात तेच फडकं.

म्हातारी काय पळाली! चढावर एकदासुद्धा अडखळली नाही. मी डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकत होते. चारही सिलिंडर एका तालात. धरणावर दोन मिनिटं थांबलो, कोणी उतरलं नाही, वळलो. बाबा गुणगुणायला लागले होते.

परतीच्या रस्त्यावर आईनं कप्पा उघडून वही काढली. मांडीवर ठेवून पानं उलटली. आजोबांचे शेरे वाचून हसली जरा. मग बाबांच्या पानांवर आली.

"अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस," वाचत गेली. मग वाकून मीटर बघितलं. "हे मीटर बिघडलंय म्हणत होतीस ना गं तू? झालं का दुरुस्त?"

बाबांचं गुणगुणणं थांबलं. आरशात त्यांचे डोळे दिसले. मी सव्वीस दिवस रोज संध्याकाळी घराच्या दारात शिरताना माझे डोळे तसेच असणार.

"झालं," मी म्हटलं.

"म्हणजे बिघडलेलंच होतं?"

"हो."

"नक्की? इतके दिवस कमीच दाखवत होतं?"

"तार सटकत होती. आता नीट आहे."

इतकं सरळ वाक्य मी गेल्या वर्षभरात बोलले नसेन. माझी मलाच शिसारी आली. आईनं वही मिटली. बाबांनी गिअर बदलला, परत बदलला, उगाचच. समोर कोणी नव्हतं.

मग बाबा म्हणाले, "खोटं बोलते ही."

अगदी तसंच. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या आवाजात. माझे कान तापले.

"मीटर चांगलंच होतं," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."

आई म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. इंजिन बंद केलं नाही. म्हातारी आयडलला इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

"किती दिवस?" आईनं विचारलं.

"दीड महिना होईल. स्टोअरच बंद केलं त्यांनी. मी सांगणार होतो. दुसरीकडे लागलं की सांगणार होतो."

"एकेचाळीस दिवस," आई म्हणाली. "शर्ट कोण धुतं तुमचे? कॉलर कोरी आणि पाठ भिजलेली. ऑफिसात माणूस काय उताणा पडून असतो का?"

बाबा तोंड उघडं टाकून बघत राहिले. मीपण.

"मग विचारलं का नाहीस?"

"मी विचारायचं?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही रोज टाय लावून डबा मागायचात आणि मी विचारायचं? म्हणून तर भंगारवाल्याला बोलावलं. म्हटलं, बसायला जागाच राहिली नाही की येतील घरात आणि बोलतील." मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "आणि तुला कधी कळलं?"

"परवा."

"आणि तरी मला सांगितलं नाहीस."

पहिलं अक्षर घशातच अडकलं, नेहमीसारखं. बाबा आरशात माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "टाकीची जागा... तेव्हा तुला थंडी वाजत असेल ना गं तिथं. सकाळी ऊन येत नाही. मला आत्ता कळलं."

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्या सव्वीस दिवसांबद्दल काही विचारलं. मी म्हटलं, "अकरानंतर येतं. भिंतीच्या कडेला."

"हो," बाबा म्हणाले. "अकरानंतर."

त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि नाक वाहत होतं. आमच्यापासून तोंड लपवायला काहीतरी करायचं म्हणून त्यांनी ब्लोअरचं बटण फिरवलं, एकदम चारवर.

आधी फोमचा एक भुगा उडाला आणि आईच्या केसांत बसला. मग वास आला. म्हणजे असा वास, की बाटली त्यापुढे अत्तर. आई "शी! काय मेलंय यात?" म्हणून ओरडली, बाबांना ओकारी आली, बटण हातात तुटून आलं आणि ब्लोअर बंद होईना. तिघांनी तीन खिडक्या खाली केल्या आणि डोकी बाहेर काढली. शेजारून सायकलवाला गेला, त्यानं मान वळवून वळवून बघितलं. आई बाहेर तोंड करूनच म्हणाली, "चला आता. भंगारवाल्याला फोन करायचाय, येऊ नको म्हणून. असली गाडी तो फुकटसुद्धा नेणार नाही." आणि तिचा आवाज मध्येच फुटला. हसू होतं की दुसरं काही, मला मागून दिसलं नाही.

तशीच डोकी बाहेर काढून घरी आलो.

संध्याकाळी बाबांनी टेबलावर वही उघडली. मला हाक मारून मीटर विचारलं. मी खाली जाऊन बघून आले: ८७४८२. त्यांनी बेचाळीस लिहिलं. मागच्या पानांवरच्या अठ्ठावीसांना हात लावला नाही. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेरा लिहिला: "वास येतो."

उद्या ब्लोअर परत खोलायचाय. पानामास्तर बरोबर म्हणत होते. मी पाच मोजले आणि घाईनं झाकण लावलं. एक आतच राहिलंय.